होईल सवय

'मराठी' हा शब्द लिहायला गेले आणि पडद्यावर उमटलं ते असं: इंग्रजी सी, जे, ई, मग एक दुहेरी अवतरणचिन्ह आणि शेवटी आर. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्यांची बोटं बसली आहेत त्यांना हा सांकेतिक मजकूर लगेच वाचता येईल. सी या कळीवर म आहे, जेवर र, ईवर काना. म्हणजे बोटं आपापल्या जागी अगदी बरोबर पडली होती, भाषा तेवढी बदलली नव्हती. एरवी भाषा बदलायला मी दोन कळा एकदम दाबते. 'दाबते' हेही तितकंसं खरं नाही. जिना चढताना हात कठड्यावर जातो, तशा त्या दाबल्या जातात. त्या सकाळी तीनदा दाबूनही भाषा बदलेना. चौथ्यांदा जरा जोर लावला, तर उजव्या बाजूनं एक फळी सरकत आली आणि तिनं मला पुण्याचं हवामान सांगितलं. अंशतः ढगाळ. खिडकीतून मला ते दिसतच होतं.

आदल्या रात्री मी हार मानली होती. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती तयार असल्याचा निरोप दीड-दोन महिने रोज येत होता. त्याखाली दोन बटणं असायची: 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नको' असं तिसरं बटण नव्हतं. पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्यापुढे निदान पानावर आडवा हात तरी धरता येतो. मी 'नंतर, नंतर' करत राहिले आणि एका रात्री डोळ्यांवर झापड असताना 'आत्ता' दाबून झोपायला गेले.

माझं काम भाषांतराचं. दिवसाला ठरलेली पानं व्हावी लागतात. त्या दिवशी पाचाऐवजी दीड पान झालं. उरलेला वेळ कशात गेला ते सांगायला बसलं तर हसू येईल, कारण एकेक गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. राइट क्लिक केल्यावर जी यादी उघडते तिच्यात पूर्वी शब्द असत. ते गेले आणि त्यांच्या जागी नखाएवढी चित्रं आली: एक कात्री, एकावर एक ठेवलेले दोन कागद, एक चौकट आणि तिच्यात एक अक्षर. ही चौकट म्हणजे 'फाइलचं नाव बदला', हे मला दुपारी कळलं. खिडकीच्या उजव्या कडेची जी पट्टी धरून मजकूर वर-खाली करायचा, ती आता लपून बसते. माउस जवळ नेला की रेघेसारखी उगवते आणि धरायला जावं तर निसटते. खिडक्यांच्या कडा इतक्या फिकट झाल्या की दोन खिडक्या शेजारी असल्या तर पुढची कोणती हे कळेना, आणि मूळ इंग्रजी मजकुरावरच मी दोनदा मराठी टाइप केलं. यातलं एकही दुखणं डॉक्टरकडे नेण्यासारखं नाही. चपलेत खडा शिरावा तसं.

कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्यांना उगीच सोडून दिल्यासारखं होईल.

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. तो याच धंद्यात आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भाषा बदलायच्या नव्या कळा सांगितल्या, आणि मग म्हणाला, "होईल गं सवय, मावशी. दोन आठवडे दे."

"आणि नाही झाली तर?"

"होतेच."

त्याचं खरं निघालं. तिसऱ्या आठवड्यात माझे हात नवी वाट चालायला लागले. तक्रार करायला जागा उरली नाही, आणि नेमकी तेव्हापासून ही गोष्ट मला जास्त खुपायला लागली.

'अंगवळणी पडणं' हा आपल्याकडचा शब्दप्रयोग मला फार अचूक वाटतो. वळण अंगाला पडतं. भाकरी थापणाऱ्या बाईला पिठाला पाणी किती ते विचारा, ती म्हणेल, "हाताला कळतं." लिहिणाऱ्याच्या बाबतीतही हेच. एखाद्या अवघड वाक्याशी माझी झटापट चाललेली असते तेव्हा फाइल कुठे आहे, भाषा कशी बदलायची, हे डोक्यात असून चालत नाही. ते हातांनी परस्पर सांभाळायचं असतं, म्हणजे डोकं वाक्यासाठी मोकळं राहतं. अपग्रेडनं माझी एकही फाइल गहाळ केली नाही, ते मी त्याच रात्री तपासून पाहिलं. हातांनी उचललेलं ओझं मात्र त्यानं पुन्हा डोक्यावर आणून ठेवलं, आणि वाक्य बसलं वाट बघत.

अशा बदलांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली तेव्हा त्या कोपऱ्यात 'स्टार्ट' असं लिहिलेलं बटण होतं. चाचण्यांच्या वेळी नवखी माणसं रिकाम्या पडद्यासमोर नुसती बसून राहत, सुरुवात कुठून करायची ते त्यांना उमगत नसे, म्हणून तो शब्द. संगणक बंद करायलाही 'स्टार्ट'च दाबावं लागे, यावर तेव्हा भरपूर विनोद झाले, पण लोक शिकले. कोपऱ्याचाही एक फायदा असतो. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका हात तिथे लवकर पोचतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मोजून दाखवलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यापलीकडे माउस जाऊच शकत नाही. डोळे मिटून तिकडे भिरकावला तरी तो तिथेच जाऊन अडतो, म्हणजे हाताच्या हिशेबी कोपरा अवाढव्य असतो. सतरा वर्षं जगभरची माणसं त्या कोपऱ्यात न बघता जात होती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि बटण गायब झालं. आयपॅड येऊन दोन वर्षं झाली होती. बोटानं चालणाऱ्या पडद्यांचे दिवस आले म्हणून मेजावरच्या संगणकालाही तोच पेहराव चढवला गेला. शिवाय मायक्रोसॉफ्टकडे लोकांच्या वापराची मोजदाद येत होती. लोक नेहमीचे प्रोग्राम खालच्या पट्टीवर टाचून ठेवतात, स्टार्ट मेनूकडे जाणं कमी झालं आहे, असं तिच्यातून दिसत होतं. आकडे खोटे असतील असं मला वाटत नाही. पण आमच्या जुन्या वाड्याला मागचं दार होतं. वर्षातून दोन-तीनदाच उघडायचं. मोजदाद केली असती तर ते बुजवण्याच्याच लायकीचं ठरलं असतं. आजी मात्र रोज रात्री त्याची कडी चाचपायची आणि मगच झोपायची. हे चाचपणं कुठल्या रकान्यात मांडायचं?

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आली आणि बटण परत आलं, नुसतं बटण. त्यामागचा मेनू परत यायला जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० बरोबर. मधल्या काळात जुना मेनू आणून देणारे छोटे प्रोग्राम निघाले. त्यातले काही फुकट होते, काहींसाठी लोकांनी पैसे मोजले. आपल्याच घरातली फडताळाची किल्ली बाजारातून विकत आणावी, तशातला प्रकार.

मॅकवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे जुलै २०११ मध्ये लायन आली आणि मजकूर सरकवायची दिशा उलटी झाली. बोटं खाली ओढली की जो मजकूर वर जायचा तो खाली यायला लागला. या नव्या दिशेला नाव दिलं 'नैसर्गिक'. म्हणजे इतकी वर्षं आपण जे करत होतो ते काय होतं? त्याच आवृत्तीत काही प्रोग्रामांमधून 'सेव्ह ॲज' काढून 'डुप्लिकेट' आणलं होतं. पुढच्या वर्षी 'सेव्ह ॲज' परत आलं, पण ऑप्शनची कळ दाबून धरली तरच दिसेल असं, चोरपावलांनी.

लिनक्सच्या जगात तर घरातच भांडण पेटलं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि ज्यानं लिनक्सचा गाभा लिहिला तो लायनस टोरव्हाल्ड्स जाहीरपणे वैतागला. ग्नोम सोडून एक्सएफसीई या साध्यासुध्या मांडणीकडे गेला, आणि पुढे काही काळानं परतही आला. जो माणूस इतका खोलवरचा आहे, त्यालाही खिडकी कुठे गेली म्हणून चिडचिड व्हावी, याचं मला त्या दीड पानाच्या दिवशी फार समाधान वाटलं. तिकडे आणखी एक गोष्ट घडली जी बाकी दोन्हीकडे घडू शकत नव्हती. लिनक्सची आज्ञावली सगळ्यांना खुली असल्यामुळे अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुनं ग्नोम २ उचललं आणि वेगळ्या नावानं चालू ठेवलं. नाव ठेवलं तिकडच्या लोकांच्या आवडत्या पेयावरून: माते. ते आजही चालू आहे. जुन्या घरात राहायचं असेल त्यांनी राहावं, एवढी सोय झाली. डागडुजी मात्र राहणाऱ्यांनीच करायची.

सगळ्यांत शहाणपणाचा नमुना मला अगदी अनपेक्षित जागी सापडला. ऑफिस २००७ मध्ये वरचे मेनू काढून चित्रांचा पट्टा आला, तेव्हा हिशेब ठेवणाऱ्या लोकांनी किती शिव्या दिल्या ते मी स्वतः ऐकलं आहे. पण जुन्या मेनूतून जाण्यासाठी जे कळांचे क्रम होते, उदाहरणार्थ आल्ट, मग ई, मग एस, ते एक्सेलमध्ये अजूनही चालतात. मेनू नाही, पण मेनूकडे जाणारी पायवाट तशीच आहे. जुना हिशेबनीस न बघता बोटं चालवतो आणि मुक्कामी पोचतो. कुणीतरी तिथे बसून विचार केला असणार की या माणसांचे हात काय म्हणतील. कापणं-चिकटवणं सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्याच्या सोबत्यानं घडवलं. झेड, एक्स, सी, व्ही या ओळीनं बसलेल्या चार कळा त्या कामांना १९८३ च्या ॲपल लिसापासून लागल्या. चाळीसहून अधिक वर्षं झाली, त्यांना कुणी हात लावलेला नाही. म्हणजे मनात आणलं तर राहू देता येतं.

मी बदलाला नाकं मुरडणारी बाई आहे, असं इथवर कुणाला वाटलं असेल तर ते बरोबर नाही. टाइपरायटरच्या क्लासला मी बारावीच्या सुट्टीत गेले. बाई आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या, कळांकडे बघायचं नाही म्हणून. तो कळफलक बोटांत मुरला. मग नव्वदच्या दशकात संगणक आला आणि मराठी लिहायला प्रत्येक कंपनीचे वेगळे टंक आले. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकात उघडला की पानभर जंतरमंतर. फाइलबरोबर टंकही पाठवावा लागे. लग्नात मुलीबरोबर भांडी देतात तसा. पुढे युनिकोड आलं. सगळे सांगत होते, आता यातच लिहा. मी चाळिशीला टेकले होते. दोन महिने मी लहान मुलासारखं इनस्क्रिप्ट गिरवलं: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, पायमोडकी खूण डीच्या कळीवर. वीस वर्षांचं वळण मोडलं. रात्री स्वप्नात बोटं चुकायची. पण त्या बदलानं मला काय दिलं ते मला रोज दिसत होतं. मराठी शब्द शोधता यायला लागला, पत्रात जसाच्या तसा पोचायला लागला, माझ्या लेखातलं वाक्य परभणीच्या वाचकाला टंकाशिवाय वाचता यायला लागलं. हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात नोंदला गेला आहे, विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही जा, क तिथेच असतो. त्या दोन महिन्यांचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. कात्रीच्या चित्रानं मला काय दिलं, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

जे बदलावं म्हणून डोळे लावून बसावं, त्याचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती नोंदवून ठेवली. पण संगणकाबरोबर येणाऱ्या बहुतेक टंकांत पहिल्यांदा दिसतो तो हिंदी वळणाचाच ल. आम्ही भाषेवाले वर्षानुवर्षं ही कुरकुर करतो आहोत. तो ल आहे तिथे आहे, आणि न मागितलेली कात्री मात्र एका रात्रीत दारात हजर. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरांच्या उपासकानं घडवलेला 'मंगल' टंकही विंडोज १० पासून ऐच्छिक जोडणीत गेला. भाषा जोडली नसेल तर नव्या यंत्रावर तो सापडत नाही, आणि त्यात बांधलेली जुनी पानं दुसऱ्या टंकात उघडून ओळी इकडच्या तिकडे होतात.

माझी जुनी हस्तलिखितं जिथे जुळवली जायची, त्या डीटीपीवाल्या वहिनी अजून काम करतात. आता मुख्यतः लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दुःखद निधनाची कार्डं. खोलीत दोन संगणक आहेत. एक नवा, मेलसाठी. दुसरा भिंतीकडेचा, त्यावर एक्सपी आणि पेजमेकर ७. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची. एक्सपीही त्याच वर्षीची. त्याच्या डब्यावर कागद चिकटवलेला आहे: 'याला नेट लावू नये.' मी माझं रडगाणं गायलं तेव्हा वहिनी एका पत्रिकेत 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या खालची मोकळी जागा कमी करत होत्या. पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या, आणि पडद्यावर ओळी आज्ञाधारकपणे वर सरकत होत्या.

"ताई, मुहूर्त थांबत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस संध्याकाळी पाचला येतो आणि सकाळी छापून पाहिजे म्हणतो. तेव्हा मी मेनू शोधत बसू का?"

"हे यंत्र बंद पडलं तर?"

"माळ्यावर दुसरं आहे. त्याचेच सुटे भाग यात घालते."

हा हट्ट फुकटचा नाही, हे मला आणि वहिनींनाही माहीत आहे. एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबलं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा प्रकार जगभर पसरला, तेव्हा आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. जुनी भगदाडं बुजवली नाहीत की असं होतं. म्हणून तर वहिनींनी वायरच काढून टाकली आहे. पण सगळ्यांना वायर काढता येत नाही, आणि माझ्यासारखीला सुरक्षेसाठी अपडेट घ्यावाच लागतो. नेमकी इथेच अडवणूक होते. कुलूप बदलायला बोलावलेला माणूस जाताना स्वयंपाकघराचा रंग आणि डब्यांची जागाही बदलून जातो, आणि नुसतं कुलूप बदलून द्या म्हटलं तर म्हणतो, तसं आमच्याकडे मिळत नाही. कुलूप जुनं झालं हे खरं असल्यामुळे आपल्याला भांडताही येत नाही.

आता बाबांची गोष्ट. खरं तर मला तीच सांगायची होती.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे एक लॅपटॉप आहे आणि त्याच्याशेजारी एक शंभरपानी वही. वहीत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना आहेत. 'नाट्यसंगीत ऐकणे: निळ्या गोलातील पांढरा बाण दोनदा दाबणे. घाई करू नये.' 'घाई करू नये'खाली रेघ. 'फोटो पाहणे: पिवळे पाकीट, वरून तिसरे.' 'पत्र पाठवणे' या मथळ्याखाली अकरा पायऱ्या. ही वही चार वर्षांत तयार झाली. प्रत्येक पायरी त्यांनी स्वतः करून पाहिली, मग लिहिली.

माझ्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या लॅपटॉपवरही रात्रीतून नवी आवृत्ती उतरली. त्यांनी काही दाबलं होतं का, कोण जाणे. चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी गेले तर लॅपटॉपवर टॉवेल घातलेला.

"गाणी ऐकत नाही का हल्ली?"

"माझ्या हातून काहीतरी बिघडलंय बहुतेक," ते म्हणाले. "निळा गोल सापडत नाही. पुसला गेला असेल."

गोल तिथेच होता. आता तो निळा नव्हता, आणि गोलही नव्हता. पिवळं पाकीट वरून पाचवं झालं होतं. मी ते दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलायला हवा होता, तसा तो खुलला नाही. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हणजे हे बदललंय ना? मी विसरलेलो नाही?"

माझ्या वयात यंत्र बदललं की मी यंत्राला शिव्या देते. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस आधी स्वतःला तपासतो. चार दिवस ते मनातल्या मनात कशाकशाला सामोरे गेले असतील, हे मला विचारवलं नाही. वही उघडून त्यांनी पुन्हापुन्हा वाचलेली असणार, आणि वहीत लिहिलेलं समोर दिसत नाही म्हटल्यावर वहीवरच संशय घेतला असणार. नव्या आवृत्तीची जाहिरात मी नंतर पाहिली. ती अधिक सोपी आहे, असं तीत म्हटलं होतं.

बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. बँकांमध्ये यंत्रं आणण्यावरून जो वाद झाला त्यातून १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. सी. रंगराजन यांच्या समितीनं १९८४ मध्ये अहवाल दिला आणि मग शाखांमध्ये एएलपीएम आली. खात्यांच्या नोंदी करणारी ही यंत्रं. लोक त्यांना एवढ्याच नावानं ओळखत. बाबा त्यांवर बसणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तेव्हा कसं झालं होतं?

ते सांगायला लागले आणि आवाज एकदम शाखेतला झाला. आधी परिपत्रक आलं. मग प्रशिक्षणाला पाठवलं, जाण्यायेण्याच्या भत्त्यासकट. परत आल्यावर काही महिने हाताची खातेवही आणि यंत्राची खातेवही दोन्ही शेजारीशेजारी चालवायच्या, रोज बाकी ताडून पाहायची, आणि दोन्ही सलग जुळायला लागल्या तरच हाताची बंद करायची. यंत्रावर काम करणाऱ्याला वेगळा भत्ता होता. युनियननं तो भांडून मिळवला होता.

"कशाबद्दल भत्ता?" मी विचारलं. "काम तर तेच."

"अगं, नवीन शिकायचं म्हणजे काम नाही का?"

मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. ऐंशीच्या दशकातल्या त्या संपांबद्दल आणि संगणकाला झालेल्या विरोधाबद्दल आपण आज जरा हसूनच बोलतो. विरोध करणारे चुकले असं म्हणतो, आणि यंत्रं आली ते बरंच झालं हे बाबाही म्हणतात. पण त्या भांडणातून एक गोष्ट कागदावर आली होती: सवय लावून घेणं हे श्रम आहेत, ते कुणीतरी करतं, आणि त्याचं मोल कुणीतरी चुकतं करावं. माझा भाचा 'होईल सवय' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. सवय खरोखर होते, म्हणूनच त्या दोन आठवड्यांचा खर्च कुणाच्याच वहीत पडत नाही. माझी साडेतीन पानं, बाबांचे चार दिवस, आणि अशी कोट्यवधी माणसं. कंपनीच्या ताळेबंदात याची ओळ नाही. नवी आवृत्ती फुकट दिली म्हणून उलट आपणच त्यांचे उपकार मानायचे.

समांतर वहीचं तर मला अप्रूपच वाटलं. जुनं आणि नवं काही महिने शेजारी ठेवणं यंत्राला आज काही जड नाही. एका बटणाचा प्रश्न आहे. कधीकधी ते बटण असतंही, कुठल्यातरी तिसऱ्या पानाच्या तळाशी, आणि पुढच्या आवृत्तीत नाहीसं होतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले तेव्हा नाट्यसंगीत चालू होतं. लॅपटॉपवरचा टॉवेल दोरीवर होता. वही मेजावर उघडी होती. मला वाटलं होतं त्यांनी जुनी पानं फाडून नव्यानं सुरुवात केली असेल. पण बँकेच्या खातेवहीत काही खोडायचं नसतं, खाडाखोड करायची तर नाहीच. 'निळ्या गोलातील पांढरा बाण' यावर पट्टीनं एकच आडवी लाल रेघ होती, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी तारीख आणि बाबांची आद्याक्षरं. खाली नवी सूचना, नवा रंग, नवा आकार. 'घाई करू नये' तसंच ठेवलं होतं.

पानं उलटत मी शेवटपर्यंत गेले. प्रत्येक नव्या नोंदीखाली त्यांनी अर्धं पान कोरं सोडलं होतं.